बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार सुरात लागते

गिटारवाल्यांमध्ये एक मजकूर कितीतरी वर्षं फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. बारा तारांची इलेक्ट्रिक कधीच सुरात लागत नाही. सगळ्या तारा एकदम काढल्या तर नेक (गिटारची मान) कामातून जाते. ब्रिजवर, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, सहाच सॅडल (तारेखालचे सरकते आधार) असतील तर इंटोनेशनचा, म्हणजे मानेवर कुठेही दाबलं तरी सूर बरोबर येण्याचा, नाद सोडा. बारीक तार तुटायला नको असेल तर जाड तार घाला आणि गिटार कायम एक स्वर उतरवून लावा. आणि एवढा खटाटोप कशाला, सहा तारांच्या गिटारला कोरस पेडल (आवाजात त्याचीच प्रत मिसळणारं उपकरण) जोडा, काम भागतं. हे वाचून लोक हे वाद्य घ्यायचं रद्द करतात, किंवा घेतलेलं केसमध्ये बंद करून ठेवतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर.

“कधीच सुरात लागत नाही.” १९६४ साली रिकनबॅकर कंपनीची ३६०/१२ ही बारा तारांची इलेक्ट्रिक बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात आली. तिचा आवाज ऐकून रॉजर मॅग्विनने तीच जातकुळी उचलली आणि १९६५ पासून आपल्या ‘द बर्ड्स’ या बँडचा सगळा नाद तिच्यावर उभा केला. हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) चिमटा लावायचे आजचे ट्यूनर तेव्हा नव्हते. ती ध्वनिमुद्रणं आजही कुणीही ऐकावीत, सूर जागेवर आहेत.

सूर बिघडतो तो बहुतेक वेळा लावण्याच्या क्रमामुळे. एका टोकाकडून सुरुवात करून बाराही तारा ट्यूनरवर हिरव्या करत गेलं, की शेवटच्या तारेपर्यंत नेकवरचा ताण वाढलेला असतो आणि पहिल्या तारा उतरलेल्या असतात. या गिटारीत सहा मुख्य तारा आणि प्रत्येकीशेजारी एक जोडीदार तार असते: उंच सुराच्या दोन जोड्यांत त्याच सुराची, उरलेल्या चारांत एक सप्तक वरची बारीक. आधी सहा मुख्य तारा लावाव्यात, जोडीदार तारांखाली फेल्टची पट्टी सरकवून त्यांना गप्प करावं. मग जोडीदार तारा लावाव्यात, पण ट्यूनर बंद करून, मुख्य तारेशी कानाने मिळवून. ट्यूनरच्या हिरव्या दिव्यात एक-दोन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक सहज लपतो आणि जोडीत तोच फरक लहर होऊन ऐकू येतो. तंबोऱ्याची जोड मिळवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: लहर मंदावत जाते, थांबते, आणि दोन तारा एक होतात. त्यानंतर पुन्हा एक फेरी. नव्या तारा हाताने हलकेच ओढून ताणून घेतल्या नसतील तर आणखी दोन फेऱ्या.

दुसरं कारण नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी. पहिल्या तीन फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर चढतो आणि बाराव्यावर बरोबर येतो, अशी तक्रार असेल तर सॅडलला हात लावू नका. नटच्या खाचा उथळ आहेत, तार दाबताना फार खाली न्यावी लागते आणि ताणून चढते. खुंटी फिरवताना नटपाशी ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. रिकनबॅकरवर याचं एक खास कारण असतं. बहुतेक बारा तारांच्या गिटारींवर वरून खाली पिक मारताना जोडीतली बारीक तार आधी लागते, रिकनबॅकरवर जाड तार आधी. खाचा त्याच हिशोबाने कापलेल्या असतात. अकूस्टिकच्या सवयीने क्रम उलटा लावला की जाड तार बारीक खाचेत रुतते, आणि दोष वाद्याला मिळतो.

“सगळ्या तारा एकदम काढू नका.” नेकमध्ये ट्रस रॉड (तारांचा ताण पेलणारी सळई) असतो, रिकनबॅकरच्या नेकमध्ये दोन असतात. ताण गेल्यावर नेक किंचित मागे झुकते आणि तारा चढवल्यावर हळूहळू परत येते. फ्रेट घासायला दिलेली प्रत्येक गिटार कारागिराच्या टेबलावर बिनतारेचीच असते. जोडी-जोडीने तारा बदलायचं खरं कारण वेगळं आहे: मागच्या टोकाला अडकवलेला टेलपीस (तारांची टोकं धरणारा भाग) तारा सुटताच लोंबतो आणि पॉलिशवर ओरखडा पाडतो, नुसता टेकवलेला ब्रिज असेल तर तो जागचा हलतो. टेलपीसखाली मऊ फडकं घाला, ब्रिजची जागा चिकटपट्टीने दाखवून ठेवा, आणि खुशाल सगळ्या तारा काढून फिंगरबोर्ड पुसून घ्या.

“सहा सॅडलवर इंटोनेशन अशक्य.” या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. जाड तारेला दाबल्यावर सूर जास्त चढू नये म्हणून लांबी थोडी जास्त लागते, तिच्या बारीक जोडीदाराला कमी. एकाच सॅडलवर दोघी बसल्या की एकीला तडजोड करावी लागते. फेंडर कंपनीने आपल्या १९६५ च्या बारा तारांच्या गिटारला, इलेक्ट्रिक ट्वेल्व्हला, बारा सॅडल दिले ते यासाठीच. पण तडजोड केवढी, ते मोजून बघा. उंच सुराच्या दोन जोड्यांमधल्या तारा एकाच जाडीच्या, तिथे प्रश्नच नाही. उरल्या चार जोड्या. पावणेपंचवीस इंच लांबीच्या तारेवर सॅडल एक मिलिमीटर चुकला तर बाराव्या फ्रेटवर सुमारे पावणेतीन सेंटचा फरक पडतो. तिसऱ्या फ्रेटवर तोच फरक जेमतेम अर्धा सेंट. बारा तारांचं बहुतेक वादन पहिल्या पाच फ्रेट्समधल्या मोकळ्या कॉर्ड्सवर चालतं, तिथे हा दोष कानाला जाणवत नाही.

लावायची पद्धत अशी. नव्या तारा, नेक आणि ॲक्शन (तारांची फ्रेट्सपासूनची उंची) आधी ठरवलेली, गिटार वाजवायच्या स्थितीत मांडीवर. टेबलावर आडवी ठेवून घेतलेलं माप फसवं असतं. जोडीतली एक तार गप्प करून दुसरीचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ऐका, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात आणून मगच तपासा. सहा सॅडल असतील तर जाड आणि बारीक दोन्हींच्या जागा पाहून मधली जागा धरा, मी जाड तारेकडे थोडं झुकतं माप देतो. सगळ्यात अवघड जोडी तिसरी, म्हणजे जी. ०.०१७ इंच जाडीची साधी (न गुंडाळलेली) तार सॅडल बराच मागे मागते, कित्येकदा शेजारच्या गुंडाळलेल्या डी तारेपेक्षाही मागे, आणि जोडीला ०.००८ ची केसासारखी तार. इथे घाई करू नये.

“उतरवून लावा, जाड तार घाला.” उतरवून लावायचा सल्ला अकूस्टिकचा आहे. तिथे ब्रिज पातळ लाकडावर चिकटवलेला असतो आणि वाढलेल्या ताणाने पोट फुगतं. इलेक्ट्रिकला ही भीती नाही, ती मूळ सुरासाठीच बांधलेली असते. उलट ढिल्या तारा दाबल्यावर जास्त चढतात, आणि आधी केलेलं इंटोनेशनही वाया जातं. जी जोडीतली टीपेची बारीक तार सगळ्यात आधी तुटते, हे खरं. ती पहिल्या ई तारेच्याही वर, ३९२ हर्ट्झला लागते. पण जाड तार घालून ती वाचत नाही. त्याच लांबीवर त्याच सुरासाठी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात ओढही वाढते, पोलादाच्या प्रत्येक कणावर येणारा ताण तेवढाच राहतो. तुटलेलं टोक हातात घेऊन बघा. तार सॅडलवर तुटली असेल तर तिथली धार बारीक पॉलिश पेपरने मारा. खुंटीपाशी तुटली असेल तर वेढे नीट एकाखाली एक बसवा.

“कोरस पेडल पुरे.” कोरस त्याच सुराची किंचित उशिरा येणारी, डोलणारी प्रत मिसळतं. त्यात वरचं सप्तक नाही, आणि पिक एका तारेवरून दुसरीवर उतरतानाचा तो सूक्ष्म खंडही नाही. कोरस आवडत असेल तर जरूर वापरा, पण त्याला बारा तारांचा पर्याय म्हणू नका.