‘मशीन आलं आणि गावचे लोहार-सुतार उपाशी मेले’ : साउथ ऑस्ट्रेलियात झालं ते नेमकं उलट

व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, शेतीच्या ग्रुपवर, इतिहासाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा. थोडक्यात त्यात म्हटलंय ते असं : एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी धान्य साफ करायची यंत्रं आपल्या कारखान्यांत बनवली, जहाजात भरून वसाहतींत पाठवली, आणि यंत्र पोचलं त्या प्रत्येक गावातला लोहार-सुतार बेकार झाला. पुरावा म्हणून ऑस्ट्रेलियाचं उदाहरण. तिथल्या ‘ओसाड जमिनीवर’ गहू पिकायला लागला, रिडली नावाच्या एका माणसाने कापणीचं यंत्र शोधलं, पुढे मॅके नावाच्या पोराने एकट्याने हार्वेस्टर शोधला, आणि कारागीर संपले. शेवटी तळटीप, की सुपाने पाखडलेल्या धान्याचा कस वेगळाच, मशीनच्या वाऱ्याने तो जातो.

मेसेजमध्ये नावं खरी आहेत, गोष्ट खोटी आहे. एकेक घेऊ.

आधी ते जहाज. मेसेजमधलं धान्य साफ करायचं यंत्र म्हणजे हाताने फिरवायचा उफणणी पंखा, वाऱ्याने भूस उडवणारा, तो मुळात इंग्रजांचा नाहीच. चीनमध्ये हान राजवटीच्या थडग्यांत त्याच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्यात, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. युरोपात तो पोचला डच लोकांच्या मार्फत, आणि १७१० साली स्कॉटलंडमधल्या एका जमीनदाराने जेम्स मीकल नावाच्या कारागिराला मुद्दाम हॉलंडला धाडलं, जवाची टरफलं काढायची गिरणी कशी बनवतात ते शिकून ये म्हणून, तो परत आला तो हा पंखाही डोक्यात घेऊन. तिथे काही कडक धार्मिक मंडळी म्हणाली की वारा सोडणं हे देवाचं काम, माणसाने वारा केला तर तो सैतानाचा वारा! (म्हणजे ‘मशीनच्या वाऱ्याने कस जातो’ ही तक्रारसुद्धा काही आजची नाही.)

आता साउथ ऑस्ट्रेलिया. ही वसाहत १८३६ च्या डिसेंबरात जाहीर झाली. आणि ॲडलेडमध्ये जॉन स्टोक्स बॅगशॉने शेतीची अवजारं बनवायचं दुकान काढलं १८३८ साली, धान्य साफ करायचे पंखे ही पुढे त्याची ओळखच झाली. वसाहत धड उभी राहिली नव्हती, लोक तंबूत नाहीतर मातीच्या खोपटात राहत होते आणि यंत्र बनवणारा हजर होता. इंग्लंडहून काहीच येत नव्हतं असं नाही म्हणत मी, नांगर यायचे, लोखंड तर बहुतेक तिकडूनच यायचं. पण पंखा हे यंत्र असं आहे की त्याचा बहुतेक भाग लाकूडच, मोठ्ठी पेटी, ती जहाजातून आणायची म्हणजे भाडं भरायचं ते निम्म्या रिकाम्या जागेचं. त्यापेक्षा गावात बनवलेला स्वस्त.

तो बनायचा कसा हे बघितलं की पुढचं सगळं कळतं. पेटी, वरचं हॉपर म्हणजे माल ओतायचं तोंड, पंख्याची पाती, चाळण्यांच्या चौकटी हे सुताराचं नाहीतर गाडीची चाकं बनवणाऱ्याचं काम. दांडा, हँडल, कणा, पट्ट्या हे लोहाराचं. दातेरी चाकं ओतारी ओतून देणार. चाळण्यांची जाळी आणि भोकाचे पत्रे हे पत्र्याचं काम करणाऱ्याचं. एक माणूस हँडल फिरवतो, दुसरा वरून माल टाकतो, वाऱ्याने भूस उडून जातं, हलत्या चाळण्यांवर जाड काड्या आणि न फुटलेली कणसं वेगळी पडतात, बारीक माती-बी खालून गळतं आणि गहू एका बाजूने उतरतो. यात असं एकही काम नाही जे गावातल्या भट्टीवर आणि रंध्याखाली होत नाही. आणि खरी कमाई नवीन यंत्रात नसायचीच, दुरुस्तीत असायची, कारण चाळण्या फाटतात, बुश झिजतात, तिकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात लाकूड आक्रसतं आणि सांधे खिळखिळे होतात, आणि हे सगळं होतं नेमकं सुगीत, तेव्हा शेतकरी काय लंडनला पत्र लिहून भाग मागवणार का? तो गाडी जुंपून लोहाराकडेच जाणार.

दुसरा मुद्दा रिडलीचा, आणि इथे मला मेसेज लिहिणाऱ्याचा खरंच राग येतो कारण खरी गोष्ट कितीतरी मजेदार आहे. जॉन रिडली पीठगिरणीवाला, १८४० मध्ये आला, ॲडलेडजवळ हिंडमार्शला वाफेवरची गिरणी चालवायचा. १८४३ मध्ये गहू भरपूर आणि सोंगणीला माणसं नाहीत अशी परिस्थिती, म्हणून ॲडलेडच्या धान्य व्यापाऱ्यांच्या कमिटीने कापणी यंत्रासाठी बक्षीस लावलं. सप्टेंबरात १३ जणांनी मॉडेल आणि चित्रं मांडली. कमिटीला एकही पसंत पडलं नाही. त्या तेरांत जॉन राथल बुल नावाचा एक शेतकरी होता, त्याच्या मॉडेलमध्ये पुढे दातांची फणी आणि मागे ओंब्या झोडणारी पाती होती. रिडलीने स्पर्धेत भाग घेतलाच नव्हता, पण त्याच नोव्हेंबरात त्याचं यंत्र शेतात चाललं, आणि त्यातही फणी आणि झोडणारी पाती! रिडली म्हणाला मला कल्पना एका इंग्लिश शेतकी कोशातून सुचली, प्राचीन गॉलमध्ये (म्हणजे आजच्या फ्रान्सकडे) रोमन लोक वापरायचे त्या ओंब्या ओरबाडणाऱ्या गाडीवरून. बुल म्हणाला माझी आहे. हा वाद पुढे कित्येक दशकं चालला, आणि १८८२ मध्ये तिथल्या संसदेने शेती यंत्रं सुधारल्याबद्दल बुलला २५० पौंड दिले. तेव्हा ‘एका माणसाने शोधलं’ हे विधान त्या काळात ॲडलेडमध्ये कुणी चारचौघांत केलं असतं तर संध्याकाळपर्यंत भांडण संपलं नसतं.

पण आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रिडलीने पेटंट घेतलं नाही. म्हणजे ज्याच्याकडे भट्टी आहे त्याने ते यंत्र, त्याला तिकडे स्ट्रिपर म्हणतात, बघावं आणि बनवावं. आणि बनवलं लोकांनी. मेलर हा मूळचा चाकंवाला, त्याने बनवले. कॉर्नवॉलहून आलेल्या जेम्स मार्टिनने १८४८ मध्ये गॉलरला बैलगाड्या आणि अवजारांपासून सुरुवात केली, तीच जागा पुढे फिनिक्स फाउंड्री झाली आणि तिने चक्क रेल्वेची इंजिनं बनवली. मरी नदीकाठी मॅनमला शिअरर बंधू, ते नांगराचे फाळ आणि स्ट्रिपर करायचे, त्यातल्या डेव्हिडने शतक संपता संपता वाफेची मोटारगाडी बनवून चालवली. उपाशी मेलेले लोहार हे असे!

आणि स्ट्रिपरने पंख्याचं काम कमी केलं नाही, वाढवलं. हे मेसेजवाल्याला अजिबात कळलेलं नाही. स्ट्रिपर उभ्या पिकाच्या ओंब्या ओरबाडतो, आतच झोडतो, आणि मागच्या पेटीत दाणे आणि भूस एकत्र जमा होतं, काड शेतातच उभं. पेटी भरली की शेताच्या कडेला नेऊन रिकामी करायची, तिथे भुसासकट रास लागते. मग ती रास साफ कोण करणार? पंखा. जितके स्ट्रिपर जास्त तितके पंखे जास्त. त्यात १८५१ नंतर शेजारच्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं, पुरुष माणसं झुंडीने तिकडे पळाली, मग तर यंत्राशिवाय पीक घरात येणंच अवघड. हे सगळं तिकडे जमलं कारण तिकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, ओंबी कडक होईपर्यंत पीक शेतात उभं ठेवता येतं, दमट इंग्लंडमध्ये हे यंत्र चाललंच नसतं. म्हणजे यंत्र इंग्लंडहून येण्याचा प्रश्नच मिटला.

मग ‘यंत्राने पोट मारलं’ हे संपूर्ण खोटं का? नाही. पण ते घडलं इंग्लंडमध्ये, आणि वेगळ्या माणसांच्या बाबतीत. २८ ऑगस्ट १८३० ला केंटमधल्या लोअर हार्ड्रेस गावी मजुरांनी मळणीयंत्र फोडलं, तिथून दक्षिण इंग्लंडभर आग पसरली. हिवाळाभर काठीने झोडून मळणी करायची हे शेतमजुराचं थंडीतलं मुख्य काम होतं आणि ते यंत्राने काढून घेतलं. १९ जणांना फाशी झाली, ४८० च्या वर माणसं हद्दपार होऊन ऑस्ट्रेलियाला गेली (न्यू साउथ वेल्स आणि टास्मानियाला, साउथ ऑस्ट्रेलियाला नाही, ती वसाहत तेव्हा नव्हतीच). मेलं ते मजुराचं काम. जिथे मजूर भरपूर तिथे यंत्र वैरी, जिथे मजूरच नाही तिथे लोहाराला दिवसरात्र काम. मेसेजवाल्याने एका देशातला मजूर उचलला, दुसऱ्या देशातला लोहार उचलला आणि दोघांना एकच माणूस करून टाकलं.

‘ओसाड जमीन’ याबद्दल दोनच ओळी. ॲडलेडचं मैदान कौर्ना या तिथल्या मूळ रहिवाशांचं होतं. पोट गेलेल्यांचीच यादी करायची असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करा, त्यांची जमीन गव्हाखाली गेली आणि त्यात कुठल्याही पंख्याचा दोष नव्हता.

आता मॅके. ह्यू व्हिक्टर मॅके, व्हिक्टोरियातल्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याने १८८४ मध्ये यंत्र बनवलं हे खरं. पण एकट्याने नाही, बाप आणि भाऊ बरोबर होते, आणि शेतावरच्या लोहारकामाच्या खोपटात जुन्या अवजारांचे भाग जोडून बनवलं. त्याने केलं काय तर स्ट्रिपर आणि पंखा एकाच गाडीवर बसवले, म्हणजे चाळीस वर्षं गावोगावच्या कारागिरांनी घासून-पुसून तयार केलेल्या दोन वस्तूंचं लग्न लावलं. ही कल्पनाही हवेत होतीच, साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने असं यंत्र बनवणाऱ्याला १८७९ मध्येच ४००० पौंड देऊ केले होते, आणि मेलबर्नच्या जेम्स मॉरोचं हार्वेस्टरही त्याच सुमाराचं. मॅकेला श्रेय द्या, भरपूर द्या, धंदा उभा करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, पण ‘एकट्याने’ हा शब्द काढा.

आणि कारागिराला खरा फटका बसला तो इथून पुढे. हार्वेस्टर आला की वेगळा पंखा लागेना. हार्वेस्टर महाग, गुंतागुंतीचा, तो खोपटात एकेक करून परवडत नाही, त्याला मोठा कारखाना, भांडवल, रेल्वे, जाहिराती आणि एजंट लागतात. काही जुनी घराणी टिकली, बॅगशॉचं नाव विसाव्या शतकातही चालू राहिलं, पण गावातल्या लहान दुकानाकडे दुरुस्तीच उरली. म्हणजे मेसेजमधला शेवट थोडाफार खरा आहे, फक्त तो चाळीस-पन्नास वर्षं उशिरा घडला आणि जहाजातून आलेल्या यंत्राने नाही तर तिथल्याच कारखान्याने घडवला. १९०७ मध्ये याच मॅकेच्या कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ठरवलं की साध्या मजुरालाही बायकापोरांसकट नीट जगता यावं म्हणून दिवसाला निदान ७ शिलिंग मिळायलाच पाहिजेत. मॅकेने मात्र तो आकडा सरळ मान्य केला नाही, कोर्टात लढला.

सुपाच्या कसाबद्दल काय बोलणार. पंखा दाण्याला हातसुद्धा लावत नाही, फक्त भूस उडवतो, आणि वावडीवर, म्हणजे उफणायच्या तिवईवर, उभं राहून वाऱ्याची वाट बघत उफणणाऱ्या माणसाला विचारा तो काय सांगतो.