शंभर टक्के मॅचही तपासावी लागते

‘एम.ए.च्या विद्यार्थ्याला कॅट टूल आलं की तो व्यावसायिक कामाला तयार’ हे अनुवादाच्या शिक्षणावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. कॅट टूल म्हणजे अनुवादकाला मदत करणारं सॉफ्टवेअर: ते जुने अनुवाद ‘मेमरी’त साठवतं आणि नवं वाक्य जुन्याशी तंतोतंत जुळलं (शंभर टक्के मॅच) की जुनाच अनुवाद सुचवतं. टूल थोड्या दिवसांत हाताळता येतं. शंभर टक्के मॅच कधी नाकारायची, हे कळायला मात्र सराव लागतो. साध्या शंभर टक्के मॅचमध्ये मेमरी फक्त तेवढंच वाक्य जुळवते. ‘इट हॅज बीन डिलीटेड’चं मराठी फाइलसाठी ‘ती हटवली आहे’, फोल्डरसाठी ‘तो हटवला आहे’. इंग्रजीत दोन्हीकडे तेच वाक्य, म्हणून मेमरी चुकीचं लिंग बिनदिक्कत पुढे करते आणि नवखा विद्यार्थी ते स्वीकारतो. ‘ओपन’ एकटंच आलं तर आणखी पंचाईत: बटणावर ‘उघडा’, तक्रारीच्या स्थितीसाठी ‘प्रलंबित’.

लेखात पुनरीक्षणाचा उल्लेखच नाही, ही मोठी उणीव. अनुवादसेवेसाठीच्या आयएसओ १७१०० : २०१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनुवादकानं स्वतः तपासल्यावर दुसऱ्या व्यक्तीनं मूळ आणि अनुवाद समोरासमोर ठेवून वाचणं, म्हणजेच पुनरीक्षण, बंधनकारक आहे. वर्गातही तसंच करावं: विद्यार्थ्यांनी एकमेकांचे अनुवाद तपासावेत, प्रत्येक बदलापुढे कारण लिहावं (अर्थ, परिभाषा, व्याकरण की शैली). ज्या बदलाला कारण देता येत नाही, तो मागे घ्यावा. निव्वळ आवडीपोटी केलेले बदल तिथेच उघडे पडतात.