अंदाज चुकला तर चुकू द्या की

शिक्षकांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरायलाय. लेकरांना धडा वाचायच्या आधी प्रश्न विचारू नका, अंदाज तर बांधायला लावूच नका, चुकीचं डोक्यात बसतं, वेळ जातो, आणि हे चोचले फक्त हुशार पोरांना जमतेत. मला यातलं एक बी पटलं नाही.

चुकीचं बसतं म्हणे. आठवीचा इतिहास, हैदराबाद मुक्तिसंग्राम. पुस्तक मिटलेलंच ठेवलं आणि विचारलं, देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला तर आपल्याकडं मराठवाड्यात 17 सप्टेंबरला झेंडावंदन कशाचं? एकजण म्हणाला इंग्रज इथून उशिरा गेले असतील, एक पोरगी म्हणाली बातमीच उशिरा पोचली असंल (वर्ग हसला, पण मी ते बी फळ्यावर लिहिलं). मग म्हणलं, आता वाचा, कुणाचं खरं निघतंय बघा. निजाम, रझाकार, 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झालेली पोलीस कारवाई, सगळं लेकरं हुडकत वाचायलीत, आणि इंग्रजवालं लेकरू स्वतःच उठून म्हणतंय, सर इथं तर निजाम होता! आता ते विसरंल का? 2009 साली रिचलंड, कॉर्नेल आणि काओ या संशोधकांनी असंच तपासलं होतं, उताऱ्याआधी प्रश्न दिले, उत्तरं चुकली, तरी वाचून झाल्यावर त्याच गोष्टी जास्त ध्यानात राहिल्या. हां, अंदाज घेतला आणि पडताळलाच नाही तर मात्र मेसेजवाल्याची भीती खरी.

वेळ? पाच-सात मिनिटं जातेत. एकजण मोठ्यानं वाचतोय आणि बाकीचे खिडकीतून बाहेर बघायलेत, तो तास कोण मोजतंय?

हुशार पोरांचं तर उलटंच आहे. पॅलिंक्सर आणि ब्राऊन या दोघी संशोधकांचं 1984 चं गाजलेलं काम सातवीतल्या अशा मुलांवर होतं ज्यांना वाचता यायचं पण समजायचं नाही. अंदाज, प्रश्न, अडलेलं सोडवणं, थोडक्यात सांगणं, आधी शिक्षकानं करून दाखवायचं आणि मग हळूहळू मुलांनीच मास्तर व्हायचं.

सुरुवातीला लेकरं प्रश्न बी 'कोण कोणास म्हणाले' छापाचेच काढतेत, ते मान्य. पण परवा एकीनं विचारलं, सर, निजामाकडं एवढा पैसा होता तर आपल्याकडं शाळा एवढ्या कमी का होत्या? धड्यात उत्तर नव्हतं, मलाच घरी जाऊन वाचत बसावं लागलं.