ताट वेगळं कशाला?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकीने विचारलं, कामवालीच्या नवऱ्याला टीबी निघालाय, तिला काढू का? पटापट सल्ले आले, काढाच, भांडी तरी वेगळी करा. डोकं फिरलं माझं.

मी आठवीत असताना आमच्या आत्याला टीबी झाला. घरात टीबी हा शब्दच नाही, "छातीचं जरा" म्हणायचे, कारण लग्न ठरायचं होतं. तिचं ताट ओळखू यावं म्हणून आजीने कडेला खिळ्याने फुली मारली होती. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी व्हायला लागली तर ती दोन दिवस रक्त जातंय समजून रडत होती, त्यातल्या रिफाम्पिसिन ह्या गोळीने असं होतंच हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

अहो, टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून, ताटावाटीतून नाही. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच टीबीचा जंतू दाखवला, पण औषध कुठे होतं, आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात ह्याच रोगाने गेल्या, बावीसच्याही नव्हत्या. टीबीवर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. तोवर सॅनिटोरियम, म्हणजे टीबीच्या पेशंटना महिनोन्महिने ठेवायचं रुग्णालय, मोकळी हवा, दूध-अंडी आणि नशीब.

आणि मग १९५६ ला मद्रासमध्ये जे झालं ते शाळेत शिकवायला हवं खरं तर. तिथल्या गरीब पेशंटचे दोन गट केले, निम्मे सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरात, अपुरं जेवण, रोजची दगदग, औषधं मात्र दोघांना तीच, वर्षभर. घरचे पेशंट जवळपास तेवढेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही! कारण योग्य औषध सुरू झालं की पसरवणं झपाट्याने कमी होतं, धोका असतो तो निदान होण्याआधीच्या खोकल्याचा. ह्या निकालानंतर जगभर सॅनिटोरियमं बंद पडत गेली. आपल्या मोरीतलं, वेगळ्या भांड्यांचं, मात्र चालूच आहे.

त्यामुळे त्या बाईला काढू नका, तिची आणि पोरांची तपासणी करायला सांगा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि नवऱ्याला बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडू देऊ नका, औषधांना दाद न देणारा टीबी बऱ्याचदा असाच तयार होतो.

आत्या सहा महिन्यांत बरी झाली, आता आजी आहे ती. फुलीचं ताट आमच्याकडेच आहे, पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून.