ऑल्टचे आकडे पाठ करण्याआधी

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ऑल्ट दाबून धरा, आकडा टाइप करा, कुठल्याही कॉम्प्युटरवर हवं ते चिन्ह मिळवा. अंशासाठी १६७, बीटासाठी २२५.’ खाली भलामोठा तक्ता. विद्यार्थी तो छापून भिंतीला लावतात, म्हणून हे लिहितो आहे.

‘कुठल्याही कॉम्प्युटरवर’ हे खरं नाही. ही सोय विंडोजची. मॅकवर © हवं तर ऑप्शन आणि जी दाबायचं. विंडोजवरही आकडे नमपॅडवरचेच, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या वेगळ्या चौकटीतलेच लागतात. अक्षरांच्या वरच्या ओळीतले चालत नाहीत. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर कितीतरी जण आपलंच काही चुकतंय समजून नाद सोडतात. चूक त्यांची नसते.

‘अमुक आकडा म्हणजे अमुक चिन्ह’ हा समज त्याहून वाईट. हा आकडा म्हणजे एका जुन्या संचातली जागा. १९८१च्या आयबीएम पीसीत २५६ खुणांचा संच होता, कोड पेज ४३७. शून्याशिवाय आकडा दिला की विंडोज अशा जुन्या संचात शोधतं. आधी शून्य लावलं की स्वतःच्या नंतरच्या संचात. म्हणून ०१७६ने ° येतं आणि शून्य विसरलात तर ░. शिवाय जुना संचही सगळीकडे एकच नाही. ४३७मध्ये २५१ म्हणजे √, तर पश्चिम युरोपातल्या ८५०मध्ये तोच आकडा ¹ देतो.

तक्त्यातले चार आकडी कोडही असेच. ८७३०ने वर्डमध्ये √ उमटतं, पण बऱ्याच प्रोग्रॅममध्ये → येतं, कारण तिथे २५६ने भागून उरलेली बाकी, म्हणजे २६, धरली जाते.

आता अंश. १६७ने येतं ते अंशाचं चिन्हच नाही. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘पहिला’, ‘दुसरा’ लिहिताना अंकापुढे लावतात तो वर चढवलेला ओ आहे तो. काही फॉन्टमध्ये त्याच्याखाली रेघ असते, बाकीच्यांत फरक कळतही नाही. पण फाइलमध्ये ° शोधलं तर तो सापडणार नाही. खरं अंशचिन्ह २४८ किंवा ०१७६. २२५चंही तेच: येतं ते जर्मनमधलं जोड-एस, ग्रीक बीटा नव्हे. गणिताच्या, विज्ञानाच्या मजकुरात हे चालवून घेऊ नये. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच छापली जाते.

तक्त्याची गरजही फारशी उरलेली नाही. विंडोज १० आणि ११वर विंडोज-की आणि पूर्णविराम दाबला की खिडकी उघडते, तिच्यात चिन्हांचा विभाग असतो. वर्डमध्ये २२६० लिहून ऑल्ट-एक्स दाबलं की ≠ होतं. उलटंही करता येतं: शंकास्पद चिन्ह सिलेक्ट करून ऑल्ट-एक्स दाबा, त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक चिन्हाला जगभर ठरवून दिलेला क्रमांक, दिसेल. अंश असेल तर ‘००बी०’. शेवटी ‘बीए’ आलं, तर तो मेसेजमधला १६७ आहे; तेवढा बदलून घ्या.