"1965 आधी कोणी उपाशी नव्हतं" म्हणणाऱ्या त्या शेतीच्या फॉरवर्डला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपली शेती हजारो वर्षं जशीच्या तशी शुद्ध देशी होती, कोणी उपाशी मरत नव्हतं, शेतकरी कर्जात नव्हता, मग 1965 च्या सुमारास अमेरिकेने हायब्रीड आणि युरिया आपल्या गळ्यात मारला आणि सगळं संपलं, म्हणून आता खतं बंद करा आणि जुन्या शेतीकडे चला. पाठवणाऱ्यांना शेतकऱ्याबद्दल कळकळ आहे हे मला मान्य आहे. पण यातलं बरंचसं खोटं आहे, आणि ते आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांच्या भुकेवर पांघरूण घालतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हजारो वर्षं जशीच्या तशी." शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेती करणारी वस्ती होती, मुख्य पीक जव, आणि पाणी वळवायला बांध घालून पाट काढलेला. नंतर पाऊसमान घटलं तशी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, लोक जनावरांवर आणि शिकारीवर जास्त जगायला लागले आणि शेवटी गावच उठलं. म्हणजे शेती तेव्हाही बदलत होती आणि फसतही होती.

आणि "शुद्ध देशी" कशाला म्हणायचं? ज्वारी-बाजरी मुळात आफ्रिकेतली. मिरची, शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो अमेरिका खंडातले, ते पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतर इकडे पोचले, ज्ञानेश्वरांच्या काळात आपल्याकडे मिरचीचा ठेचाच नव्हता. सोलापूरची मालदांडी ज्वारी आपण अभिमानाने देशी म्हणून घेतो ना, तिचा तो प्रसिद्ध एम 35-1 वाण मोहोळच्या सरकारी संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात गावठी मालदांडीतून निवडून काढलेला आहे. म्हणजे वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आणि शास्त्रज्ञांनी त्यातला चांगला पारखला, दोघांचंही श्रेय आहे.

"शेतकरी कर्जात नव्हता." 12 मे 1875, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल करून कर्जाची कागदपत्रं जाळली, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं, इतकं की इंग्रज सरकारला 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा युरिया कुठे होता?

आता "कोणी उपाशी मरत नव्हतं" हा मुद्दा, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. 1630 ते 32 चा दुष्काळ आठवा. तुकोबांची पहिली बायको त्यात अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. त्याच्याही आधी दुर्गादेवीचा दुष्काळ, ज्याची आठवण अजून निघते. नंतर 1876-78 आणि मग 1896 पासून 1900 पर्यंत एकापाठोपाठ एक. कोणी म्हणेल हे इंग्रजांचं पाप, तर हो, 1876 ला लोक मरत असताना धान्य बाहेर जात होतं आणि सारावसुली चालू होती, त्याचा हिशोब इंग्रजांकडेच. पण 1630 ला इथे इंग्रजांचं राज्य नव्हतं. दोन पावसाळे चुकले की धान्य संपायचं, एकरी पिकायचंच कमी, त्यामुळे साठा उरायचा नाही आणि बाहेरून आणायची सोय नाही.

याच्यासमोर बहात्तरचा दुष्काळ ठेवून बघा. लागोपाठ वर्षं कोरडी गेली, जनावरं मेली, माणसं खडी फोडायला गेली, मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख मजूर होते. बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले, ज्यांनी काढले ते अजूनही सांगतात. हाल प्रचंड झाले, पण 1876 सारखी गावंच्या गावं मेली नाहीत. याचं श्रेय एकट्या हायब्रीडला देणं चुकीचं होईल, रोजगाराची कामं आणि रेशन हे त्यातलं मोठं कारण. पण रेशनला द्यायला धान्य कुठेतरी पिकावं लागतं.

"अमेरिकेने गळ्यात मारलं." तेव्हा आलेल्या जास्त पिकणाऱ्या बुटक्या गव्हाचा गुण मूळचा जपानी नोरिन 10 या वाणातला, त्यावर मेक्सिकोत अमेरिकन शास्त्रज्ञ बोरलॉग यांनी काम केलं, आणि 1966 मध्ये भारताने 18,000 टन बियाणं तिथून मागवलं ते तेव्हाचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि शास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्यासारख्यांनी हट्ट धरला म्हणून. अमेरिकेवर आपण अवलंबून होतो ते त्याच्या आधी, पीएल 480 या अमेरिकन अन्नमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या गव्हासाठी, आणि त्यातून सुटायची ही धडपड होती. ज्वारीचं पहिलं हायब्रीड सीएसएच-1 तर 1964 मध्ये आपल्याच संशोधकांनी दिलं. त्याची भाकरी चवीला कमी आणि पावसात सापडलं की कणीस काळं पडायचं ही तक्रार खरी आहे, तरी लोकांनी ते पेरलं कारण पोतं भरत होतं.

"रसायनाने जमिनीत विष कालवलं." नव्याची भीती जुनीच आहे, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर काढला तेव्हाही लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी घ्यायला तयार नव्हते. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे 45 किलोच्या एका गोणीत साधारण 20 किलो. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं, तर अर्धा टक्का धरून 4 टनांच्या वर शेणखत लागतं. तेवढी जनावरं कोणाच्या दावणीला आहेत? शेणखत हवंच, जमिनीचा सेंद्रिय कर्ब त्यानेच टिकतो, पण सगळं त्याच्यावर भागत नाही. 1950-51 मध्ये देशात 5 कोटी 8 लाख टन धान्य पिकायचं आणि खाणारी तोंडं 36 कोटी. आज तोंडं 140 कोटी आणि धान्य 30 कोटी टनांच्या वर, धान्याखालची जमीन मात्र जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाढली.

खतं एका फटक्यात बंद केली तर काय होतं ते श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये करून बघितलं. भाताचं उत्पादन पडलं, चहाला फटका बसला, तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली. नुकसान सोसलं ते तिथल्या छोट्या शेतकऱ्याने.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असं मी म्हणत नाही. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, त्यांच्या अंगावर धड संरक्षणाचा पोशाख नव्हता. पंजाबचं भूजल खोल चाललंय. गावठी वाण झपाट्याने गेले, ते जपायला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरेंना घरात बियाणं साठवायला लागलं, आणि ते काम फार मोलाचं आहे. युरिया सबसिडीमुळे इतका स्वस्त की स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅशची खतं) महाग पडतं म्हणून माणूस युरियाच ओततो, मग पीक लुसलुशीत होतं, कीड वाढते, पुन्हा फवारणी. याला उपाय आहेत आणि ते मागायला पाहिजेत: माती परीक्षणाचा रिपोर्ट पेरणीच्या आधी हातात, खतांच्या किमतीतला फरक कमी, फवारणी करणाऱ्या मजुराला किट, आणि कोरडवाहू पिकांच्या संशोधनाला पैसा. तो फॉरवर्ड यातलं एकही मागत नाही.