एचएमटी पायलट राहिलंच की

पायलट घड्याळांवरचा, म्हणजे विमान चालवणाऱ्यांसाठी बनलेल्या घड्याळांवरचा लेख भारी झालाय, पण यादी सगळी आयडब्ल्यूसी मार्क २० न् ब्राइटलिंग नॅव्हिटायमर असल्या स्विस घड्याळवाल्यांची, आपलं एचएमटी पायलट कुठंय ओ? काळी डायल, ठळक आकडे, १७ ज्वेल (मशीनमधले झीज कमी करणारे खडे), रोज चावी द्यायची. आता ऑनलाइन जे मिळतात त्यात बऱ्याच डायल नव्यानं छापलेल्या असतात, आकड्यांच्या कडा जाड-बारीक दिसल्या की सरळ सोडून द्यायचं.

मार्क २० चं ते १२० तासांचं पॉवर रिझर्व्ह (एकदा पूर्ण चावी भरली की किती वेळ चालतं ते) सगळेच सांगतात, मला त्यापेक्षा वॉटर रेझिस्टन्स १०० मीटर झालं हे आवडलं, आधीच्या मार्क १८ ला ६० च होतं आणि सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये मनगटावर जी घामाची धार लागते ती बघता जेवढं मिळेल तेवढं बरंच. लेदरचा पट्टा मात्र उन्हाळ्यात नकोच, चार दिवसात पांढरे डाग पडतात न् वास मारतो, नवी पेठेत जाऊन नायलॉनचा टाकून घ्या.

नॅव्हिटायमर १९५२ पासूनचं, रिंगवरच्या स्लाइड रूलनं, म्हणजे फिरवायच्या आकडेपट्टीनं, इंधनाचा, वेगाचा हिशोब होतो हे खरं, देखणं पण आहे, पण डायलवर एवढी गर्दी की किती वाजले ते शोधावं लागतं. पायलट घड्याळ म्हणजे १२ च्या जागी त्रिकोण न् दोन ठिपके, अंधारात पण वरची बाजू पटकन कळली पाहिजे. लाको, स्टोवा हे जर्मन कंपनीवाले तर दुसऱ्या महायुद्धात ५५ एमएमची बनवायचे, जॅकेटवरून बांधायला! आता ४२ एमएम मध्ये मिळतं, बजेट कमी असेल तर लाको आउग्सबुर्ग बघा, आत जपानी मियोटा मशीन आहे त्यामुळं दुरुस्तीची पण कटकट नाही.